विश्लेषण : ९० टक्के निधी खर्च, मग काम किती टक्के? सरकारी तंत्रज्ञान प्रकल्पांना ‘अर्जित मूल्या’ची मोजपट्टी

गावोगावी फायबरने इंटरनेट पोहोचवणारी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तेव्हा ती दोन वर्षांत पूर्ण व्हायची होती आणि खर्चाचा अंदाज सुमारे २० हजार कोटी रुपयांचा होता. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या याच योजनेच्या सुधारित आवृत्तीला ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यात नवी कामे आणि दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. तरीही मधल्या बारा वर्षांत आढावा बैठका आणि प्रगती अहवाल यांची काही कमतरता नव्हती. मग गाडी रुळावरून उतरत असल्याचे कागदावर वेळेत का दिसले नाही? सोळा तालुके आणि सुमारे बाराशे ग्रामपंचायती असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न दरवर्षी जुलैच्या अखेरीस पुन्हा उभा राहतो. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, गावातल्या केंद्रावर जोडणी नसते आणि कापूस-सोयाबीनचा शेतकरी अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी रांगेत उभा असतो.

आढावा बैठकीत काय दिसते?

जिल्हा पातळीवरच्या कोणत्याही आढावा बैठकीचा तक्ता पाहिला तर त्यात दोन रकाने हमखास सापडतात : भौतिक प्रगती आणि आर्थिक प्रगती. निधी किती मंजूर, किती वितरित, किती खर्च हे आर्थिक रकान्यात येते. राज्य सरकारच्या ‘बीम्स’ प्रणालीमुळे हा भाग आता बऱ्यापैकी अचूक आणि ताजा असतो. भौतिक रकान्यात ‘काम प्रगतिपथावर’, ‘६० टक्के पूर्ण’ असे शेरे असतात. ६० टक्के म्हणजे कशाचे ६० टक्के, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

अडचण अशी की हे दोन रकाने एकमेकांशी बोलत नाहीत. खर्च कमी असेल तर ‘निधी अखर्चित का राहिला’ म्हणून अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. खर्च पूर्ण असेल तर काम चांगले चालल्याचे गृहीत धरले जाते. मार्चअखेरीला कोषागाराबाहेर जी धावपळ दिसते तिचे मूळ इथेच आहे. उपयोगिता प्रमाणपत्र मुख्यतः एवढेच सांगते की पैसा ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरला गेला. त्या पैशात जेवढे काम व्हायला हवे होते तेवढे झाले का, हा त्याचा मुख्य प्रश्न नसतो.

अर्जित मूल्य म्हणजे काय?

अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट, म्हणजे अर्जित मूल्य व्यवस्थापन, हे दोन्ही रकाने एकाच चलनात आणते. ते चलन रुपयांचे. तीनच आकडे लागतात. आजपर्यंत जेवढे काम व्हायचे ठरले होते त्याची अंदाजपत्रकातील किंमत म्हणजे नियोजित मूल्य. प्रत्यक्षात जेवढे काम झाले त्याची अंदाजपत्रकातीलच किंमत म्हणजे अर्जित मूल्य. आणि तेवढ्या कामासाठी खरोखर गेलेला पैसा म्हणजे प्रत्यक्ष खर्च.

समजावण्यापुरते एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या तालुक्यातील ८० ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या आहेत. प्रत्येकी ५ लाख धरून एकूण अंदाजपत्रक ४ कोटींचे, मुदत दहा महिन्यांची. दरमहा आठ ग्रामपंचायती या हिशेबाने पाच महिन्यांनी ४० जोडल्या जायला हव्यात, म्हणजे नियोजित मूल्य २ कोटी. पाचव्या महिन्याअखेर खर्च झाला १ कोटी ८० लाख. नेहमीचा तक्ता म्हणेल, नियोजित खर्चाच्या ९० टक्के खर्च झाला, सारे आलबेल. कुणी उत्साही अधिकारी २० लाखांची बचत झाल्याचेही सांगेल. पण जोडल्या गेलेल्या ग्रामपंचायती आहेत २४. त्यांचे अर्जित मूल्य २४ गुणिले ५ लाख, म्हणजे १ कोटी २० लाख.

आता चित्र उलटे होते. १ कोटी ८० लाख देऊन १ कोटी २० लाखांचे काम पदरात पडले, म्हणजे रुपयामागे ६७ पैशांचे. याला खर्च कार्यक्षमता निर्देशांक म्हणतात, तो इथे ०.६७ आहे. अर्जित मूल्याला नियोजित मूल्याने भागले की वेळापत्रकाचा निर्देशांक मिळतो, तो ०.६. हाच वेग राहिला तर ४ कोटींचे काम ६ कोटींना पडेल आणि दहा महिन्यांऐवजी जवळपास सतरा महिने लागतील. हे सारे निम्मी मुदत उरलेली असताना कळते, हा या पद्धतीचा खरा फायदा. गणित सातवीच्या मुलाला जमावे इतके सोपे आहे. अवघड आहे ते ‘जोडली गेली’ या दोन शब्दांचा अर्थ आधी ठरवणे. त्याकडे पुढे येऊच.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये मोठ्या शस्त्रास्त्र कंत्राटांसाठी ३५ निकष लागू केले, तिथून या पद्धतीला औपचारिक रूप मिळाले. तिच्या बळाचे आणि दुबळेपणाचेही सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकी नौदलाचे ए-१२ हे विमान. खर्च मर्यादेबाहेर जाणार हे अर्जित मूल्याच्या आकड्यांत दिसत होते, पण वरच्या पायरीवर पोहोचेपर्यंत अहवाल गोड होत गेले. अखेर जानेवारी १९९१ मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी प्रकल्पच रद्द केला. मोजपट्टी बरोबर होती; तिच्यावरचा आकडा वाचायची कुणाची तयारी नव्हती.

त्यानंतर पेंटागॉनच्या शेकडो कंत्राटांचा अभ्यास झाला. त्यातून पुढे आलेला एक निष्कर्ष आपल्याकडच्या आढावा बैठकांत लिहून ठेवावा असा आहे : काम सुमारे २० टक्के झाल्यानंतर खर्चाचा निर्देशांक सहसा फारसा सुधारत नाही. ‘सुरुवातीला उशीर झाला, पुढे भरून काढू’ हे आश्वासन बहुतेक वेळा खरे ठरत नाही. हा निष्कर्ष संरक्षण कंत्राटांचा आहे, प्रत्येक क्षेत्राला तो तंतोतंत लागू होईलच असे नाही. पण पाचवा हिस्सा काम झाल्यावर थांबून हिशेब मांडावा, एवढा धडा त्यातून नक्की घेता येतो. पुढे अमेरिकी सरकारने आपल्या मोठ्या माहिती तंत्रज्ञान प्रकल्पांनाही ही पद्धत लागू केली. अशा प्रकल्पांतल्या अपयशांची जाणीव त्यामागे होती. तिथल्या एफबीआयने सुमारे १७ कोटी डॉलर खर्च केल्यावर गुन्हे-नोंदींची नवी संगणक प्रणाली २००५ मध्ये गुंडाळली, हे त्यातले एक ठळक उदाहरण.

भारतनेटला ही मोजपट्टी लावली असती तर?

मूळ योजना अडीच लाख ग्रामपंचायतींची. २०१२ मध्ये अजमेर, विशाखापट्टणम आणि उत्तर त्रिपुरा जिल्ह्यांतील तीन तालुक्यांत चाचणी झाली, त्यात साठाच्या आतबाहेर ग्रामपंचायती होत्या. दोन वर्षांची मूळ मुदत उलटून गेल्यावर, २०१४ च्या मध्यापर्यंत देशभरात टाकलेली केबल अवघी ३५८ किलोमीटर होती, असे केंद्र सरकारनेच नंतर वेळोवेळी सांगितले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा पूर्ण झाला तो डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणजे दोन वर्षांत जे शंभर टक्के व्हायचे होते ते सहा वर्षांत ४० टक्के झाले. जुलै २०१७ मध्ये रचना बदलून एकूण खर्च ४२ हजार ६८ कोटींवर नेण्यात आला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतले आणि महाआयटी महामंडळामार्फत ‘महानेट’ उभे राहू लागले. २०२१ मध्ये सोळा राज्यांत खासगी भागीदारीचा प्रयोग जाहीर झाला, त्याला प्रतिसाद मिळाला नाही.

पण इथे मोजपट्टी लावण्याआधीचा प्रश्न येतो : काम झाले म्हणजे काय झाले? टाकलेल्या केबलचे किलोमीटर मोजायचे, की भिंतीवर बसवलेली उपकरणे, की ‘सेवेसाठी सज्ज’ अशी नोंद झालेल्या ग्रामपंचायती? तिन्ही आकडे खरे असू शकतात आणि तरी गावात इंटरनेट नसू शकते. तालुक्यापासून निघालेली बारा किलोमीटरची केबल गावाच्या अलीकडे नाल्याजवळ अडली असेल, तर किलोमीटरच्या हिशेबात काम ९५ टक्के झाले. सरपंचांच्या हिशेबात शून्य.

अर्जित मूल्याच्या शिस्तीत यावर साधा तोडगा आहे. छोट्या कामाला ‘शून्य किंवा शंभर’चा नियम लावायचा : पूर्ण झाले तर पूर्ण मूल्य, नाही तर काहीच नाही. काम मोठे असेल तर आधीच टप्पे आणि त्यांचे भार ठरवून लेखी ठेवायचे. उदाहरणार्थ, केबल टाकली की ३० टक्के, उपकरणे बसून चालू झाली की आणखी २०, तालुक्यापर्यंत वेगाची चाचणी झाली की २० आणि उरलेले ३० टक्के सलग तीन महिने जोडणी टिकल्यावर. हे भार काय असावेत यावर वाद होऊ शकतो. तो वाद कंत्राट देण्याआधी व्हायला हवा, देयक काढताना नाही. केबल टाकण्याला सर्वाधिक भार दिला की ठेकेदार केबल टाकत सुटणार आणि शेवटची जोडणी मागे पडणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

नियोजनातही स्थानिक शहाणपण लागते. वरच्या उदाहरणात दरमहा आठ ग्रामपंचायती धरल्या, पण यवतमाळच्या काळ्या जमिनीत जून ते सप्टेंबर खोदकाम होत नाही, चर खोदला तरी बुजतो. बारा महिन्यांत समान काम वाटून देणारे वेळापत्रक मुंबईत बसून केलेले आहे हे लगेच ओळखू येते. असे वेळापत्रक आधाराला घेतले तर पावसाळ्यात निर्देशांक विनाकारण पडतो, मग अधिकारी त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि हिवाळ्यात तो खरोखर पडतो तेव्हाही कुणी पाहत नाही.

मोजमाप पुस्तिका आहे की!

सार्वजनिक बांधकाम विभागात मुरलेला कनिष्ठ अभियंता हे सारे ऐकून म्हणेल, यात नवे काय? त्याचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. रस्त्याच्या किंवा इमारतीच्या कामात मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष झालेले काम मोजून नोंदवले जाते, त्याला निविदेतला दर लावून चालू देयक निघते. झालेल्या कामाची ठरलेल्या दराने किंमत म्हणजे अर्जित मूल्याचाच जुना अवतार. इंग्रजी अमदानीपासून आपल्याकडे तो आहे. फक्त पुस्तिकेतला आकडा ठेकेदाराचे देयक काढण्यासाठी वापरला जातो, संपूर्ण प्रकल्पाचे भाकीत करण्यासाठी नाही. वेळापत्रकाशी तर त्याची गाठ पडतच नाही.

सॉफ्टवेअरचे काय?

खरी पंचाईत इथे आहे. खडीचे घनमीटर मोजता येतात, संगणक प्रणालीचे काम कोणत्या टेपने मोजणार? या क्षेत्रात एक जुना विनोद आहे : सॉफ्टवेअर पटकन नव्वद टक्के पूर्ण होते आणि मग बराच काळ नव्वद टक्केच राहते.

यवतमाळकरांना याचा अनुभव २०१७ च्या कर्जमाफीत आला. जूनमध्ये ३४ हजार २२ कोटी रुपयांची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली आणि अर्ज ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले. शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर नाव गेलेल्या या जिल्ह्यात पती-पत्नी दोघे अंगठे द्यायला केंद्रांवर रांगा लावून होते. संकेतस्थळ उभे राहिले, राज्यभरातून लाखो अर्ज आले. त्या अर्थाने प्रणाली ‘पूर्ण’ होती. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रेही वाटली गेली. त्यानंतर याद्यांतले घोळ बाहेर आले : अर्जातली आणि बँकांकडची माहिती जुळेना, एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसू लागले, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या.

अर्जित मूल्याच्या भाषेत सांगायचे तर अर्ज भरून घेणे हा कामाचा सोपा आणि छोटा भाग होता. बँकांच्या कर्जखात्यांशी माहिती जुळवणे हा अवघड आणि मोठा. कामाचा भार ठरवताना जुळवणीला अर्ध्याहून अधिक वाटा दिला असता, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला अर्जांचा मोठा आकडा समोर असूनही अर्जित मूल्य निम्म्याच्या आत दिसले असते. दिवाळीचा मुहूर्त गाठायचा की नाही हा निर्णय मग निदान डोळे उघडे ठेवून घेता आला असता. सॉफ्टवेअरमध्ये काम मोजायचे ते लिहिलेल्या ओळींनी किंवा झालेल्या बैठकांनी मोजू नये. वापरणाऱ्याच्या हाती पडलेल्या, तपासून स्वीकारलेल्या सुविधांनी मोजावे. ‘एका तालुक्यातील एका बँकेच्या सर्व खात्यांची जुळवणी पूर्ण’ हा असा एक मोजता येणारा तुकडा. ‘जुळवणीचे काम ७० टक्के’ हा नाही.

‘सुप्रमा’ मिळाली की हिशेब संपतो?

या पद्धतीचा कणा म्हणजे सुरुवातीला गोठवलेला आराखडा. आपल्याकडे नेमका तोच सर्वांत लवचीक असतो. यवतमाळ-नांदेड सीमेवरील निम्न पैनगंगा हा तंत्रज्ञान प्रकल्प नाही, पण उदाहरण घरचे आहे. १९९७ मध्ये त्याची प्रशासकीय मान्यता सुमारे १ हजार ४०२ कोटींची होती, ती २००९ मध्ये १० हजार ४२९ कोटींवर गेली. त्याच वर्षी अवघ्या काही महिन्यांत विदर्भातील ३८ सिंचन प्रकल्पांच्या किमती मिळून सुमारे २० हजार कोटींनी वाढल्या आणि पुढचे सिंचन घोटाळ्याचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे.

सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे बोलीभाषेतली ‘सुप्रमा’, घेणे यात गैर काही नाही. भूसंपादनाचे दर वाढतात, आराखडे बदलतात. गैर आहे ते सुप्रमा मिळताच जुना आकडा अहवालातून नाहीसा होणे. नव्या किमतीवर निर्देशांक काढला की तो पुन्हा एकाच्या आसपास येतो, जणू काही घडलेच नाही. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाकडे दीडशे कोटींवरच्या केंद्रीय प्रकल्पांचे जे अहवाल असतात त्यात मूळ आणि सुधारित असे दोन्ही खर्च, दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापलेल्या असतात. हा चांगला पायंडा आहे. जिल्हा पातळीवरच्या तक्त्यांत तेवढे तरी यायला हरकत नसावी.

मोजपट्टी कुठे फसते?

वेळापत्रकाचा निर्देशांक एक विचित्र खोड दाखवतो. प्रकल्प तीन वर्षे रखडून पूर्ण झाला तरी शेवटच्या दिवशी तो नेमका एक येतो, कारण तोवर सगळे नियोजित काम झालेले असते. म्हणून उत्तरार्धात त्यावर विसंबू नये. उशीर रुपयांऐवजी महिन्यांत मोजण्याची सुधारित पद्धत त्यासाठीच निघाली.

दुसरी फट अधिक घातक आहे. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, देखरेख, हेल्पलाइन अशी कामे सतत चालणारी असतात. त्यांचे मूल्य काळ सरकला की आपोआप ‘अर्जित’ होते. सरकारी तंत्रज्ञान प्रकल्पांत अशा सल्लागारांचा वाटा मोठा असला, तर ठप्प पडलेला प्रकल्पही ठीकठाक दिसू शकतो. ही कामे वेगळ्या खात्यात ठेवली नाहीत तर सगळे गणित फसवे होते. आणि गुणवत्ता, उपयोग यांबद्दल ही पद्धत मूकच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातले हरिसाल देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले आणि २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी तिथली प्रत्यक्ष स्थिती सभांच्या पडद्यावर दाखवली. तिथे वाद बसवलेल्या यंत्रणेच्या वापराचा होता, उभारणीच्या खर्चाचा कमी.

नव्या कंत्राटांत काय पाहावे?

सुधारित भारतनेटमध्ये एकाच कंत्राटदाराने आराखडा, बांधणी, संचालन आणि देखभाल करायची आहे. बांधणीला तीन वर्षे आणि देखभालीला दहा. जुन्या रचनेत एकाच ओळीतल्या केबलवर गावे टांगलेली होती, रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने एका ठिकाणी केबल तोडली की पुढची सगळी गावे बंद. नागपूर-तुळजापूर महामार्गाचे चौपदरीकरण पाहिलेल्या यवतमाळला हे वेगळे सांगायला नको. नव्या रचनेत वर्तुळाकार जाळे आहे, एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी म्हणून.

त्यामुळे दोन वेगळ्या मोजपट्ट्या लागतील. पहिल्या तीन वर्षांसाठी अर्जित मूल्य, तेही केबलच्या किलोमीटरवर नव्हे तर चाचणी होऊन टिकलेल्या जोडणीवर आधारलेले. पुढच्या दहा वर्षांसाठी महिन्यातले किती तास सेवा चालू होती हा साधा आकडा, ग्रामपंचायतनिहाय. पहिल्या मोजपट्टीसाठी जिल्हा परिषदेला नवे सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. तालुकानिहाय एक तक्ता, चार रकाने, दर महिन्याला. नोंद मात्र ठेकेदाराने करू नये. ती ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाने, करावी आणि सरपंचांची तीवर सही असावी. बांधणीचे पाचव्या हिश्शाचे काम झाले की तो तक्ता जिल्हा नियोजन समितीपुढे यावा. त्या दिवशी रुपयामागे किती पैशांचे काम झाले, हे पालकमंत्र्यांनी विचारायचे आणि जिल्हाधिकाऱ्यांनी सांगायचे. मुदतीच्या हिशेबाने तेव्हा सुधारणेला अजून दोन वर्षांहून अधिक काळ हाताशी असेल.